१३०० च्या वर जाणारी पोर्सिलेन बॉडी स्वतः कशी बनवायची

तयार पोर्सिलेनची पाकिटं सहज मिळतात, मग स्वतः वजनं करत, चाळत, सुकवत कशाला बसायचं, असं नवीन माणसाला वाटतं आणि ते बरोबरच आहे. कोन ६ किंवा कोन १० पर्यंतच (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा, भट्टीत ठेवायचा छोटा सुळका) काम असेल तर खरंच तयार माती घ्या आणि भांडी बनवा. पण तीच तयार माती १३५० किंवा १४०० अंश सेल्सिअसला नेली तर बशा खाली बसतात, कपांचे काठ आत वळतात, कधी अंगावर फोड येतात, कारण ती माती त्या उष्णतेसाठी बनवलेलीच नसते. जुनं युरोपियन हार्ड पोर्सिलेन साधारण १४०० च्या आसपास भाजलं जायचं, आजही जातं. त्याचा तो घट्टपणा, बोटाने वाजवल्यावर येणारा आवाज आणि पातळ भिंतीतून आरपार येणारा उजेड हवा असेल तर बॉडी, म्हणजे मातीचं मिश्रण, स्वतः जुळवावी लागते, आणि एकदा ते जमलं की मातीकडे बघायची नजरच बदलते हे मी मनापासून सांगतो.

सगळ्यात आधी भट्टी ठरवा, मग माती. बरेच जण उलटं करतात, कुठून तरी रेसिपी उचलतात आणि मग भट्टी तिथपर्यंत पोचत नाही. तुमच्या भट्टीच्या पाटीवर कमाल तापमान किती लिहिलंय ते बघा. साध्या इलेक्ट्रिक भट्टीतली कांथल या मिश्रधातूची कॉइल १३०० च्या आसपास दमते, त्याच्या वर नियमित जायचं तर सिलिकॉन कार्बाइड किंवा मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट लागतात, नाहीतर गॅसची भट्टी. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी जोडतार, तीसुद्धा तपासा, के टाइप या तापमानाला फार टिकत नाही आणि हळूहळू चुकीचं दाखवायला लागतो, इथे एस किंवा आर टाइप हवा. शेल्फ कॉर्डिएराइटच्या असतील तर १३०० च्या वर त्या स्वतःच वाकायला लागतात, म्हणून सिलिकॉन कार्बाइडच्या किंवा भरपूर अ‍ॅल्युमिना असलेल्या घ्या. हा सगळा खर्च मातीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणूनच तो आधी समजून घ्यायचा.

तापमानाबद्दल आणखी एक. मातीला आकडा कळत नाही, तिला किती उष्णता किती वेळ मिळाली ते कळतं. म्हणून कोन वापरायचेच, मीटर कितीही महागडा असला तरी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन सेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनमध्ये हे कोन आणले ते पोर्सिलेनच्याच कामातून, आणि आजही त्यांच्याइतका प्रामाणिक साक्षीदार भट्टीत दुसरा नाही. कोन १० चढण्याच्या वेगाप्रमाणे साधारण १२८५ ते १३०५ ला वाकतो, कोन १३ साधारण १३५० च्या अलीकडे-पलीकडे, आणि कोन १४ वाकला म्हणजे तुम्ही १४०० च्या जवळ आलात. खाली मी अंश लिहितोय ते समजायला सोपं जावं म्हणून, भट्टीत मात्र कोनावरच विश्वास ठेवा.

आता मातीत काय असतं ते बघू. मुळात तीनच गोष्टी, केओलिन (पांढरी चिनी माती), फेल्डस्पार (भट्टीत वितळणारा खनिज दगड) आणि क्वार्ट्झ (गार, म्हणजे सिलिका), आणि चौथं काहीतरी थोडं चिकटपणासाठी, जसं बेंटोनाइट नावाची अतिशय बारीक, चिकट माती. चीनमधल्या जिंगदेझेनचे कारागीर केओलिन आणि पेटुंत्से नावाचा दगड मिसळायचे. फादर द'आंत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रात त्याची माहिती युरोपला कळवली, त्यात केओलिनला हाडं आणि त्या दगडाला मांस म्हटलंय. मला अजून यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. केओलिन भांड्याला उभं ठेवतं, फेल्डस्पार वितळून सगळं एकत्र बांधतो, क्वार्ट्झ मधल्या मध्ये सांगाडाही देतो आणि हळूहळू त्या वितळलेल्या काचेत विरघळतोही.

भट्टीत काय काय होतं ते एकदा नीट कळलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही, म्हणून हे जरा सावकाश वाचा. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान केओलिनच्या रचनेत अडकलेलं पाणी निघून जातं. शुद्ध केओलिनाइटचं जवळजवळ १४ टक्के वजन म्हणजे हे पाणीच, आणि एकदा ते गेलं की ती माती परत पाण्यात भिजून माती होत नाही. ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतो, थंड होताना तिथेच एकदम आकसतो, भांडं तडकायच्या जागांपैकी ही एक. ९८० च्या आसपास केओलिनची रचना पुन्हा बदलते आणि त्याच्या पुढे म्युलाइट नावाचे स्फटिक बनायला लागतात. पोटॅश फेल्डस्पार ११५० च्या सुमारास वितळायला लागतो, पण त्याची काच घट्ट असते, पाण्यासारखी पळत नाही, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. १२०० च्या वर त्या काचेत म्युलाइटच्या लांब सुया वाढतात, एकमेकांत गुंततात, आणि क्वार्ट्झचे कण कडेने विरघळत जातात. जितकं वर जाल तितका क्वार्ट्झ जास्त विरघळतो, काच जास्त होते पण सिलिका मिसळल्यामुळे ती आणखी घट्टही होते. १४०० चं पोर्सिलेन इतकं चांगलं का होतं याचं उत्तर यातच आहे.

यातून जे सूत्र निघतं ते एकच, तापमान वर जाईल तसा फेल्डस्पार खाली आणि केओलिन वर. जे काम खालच्या तापमानाला फ्लक्स (वितळायला मदत करणारा पदार्थ, इथे फेल्डस्पार) करतो ते वरच्या तापमानाला उष्णता स्वतः करते, त्यामुळे फ्लक्स तेवढाच ठेवला तर भांडं वितळून बसणारच.

जुनी शाळेतली रेसिपी ५० केओलिन, २५ फेल्डस्पार, २५ क्वार्ट्झ अशी असते. तिथून सुरू करून मी नवीन माणसाला असे आकडे देईन. साधारण १३०० साठी केओलिन ४८, पोटॅश फेल्डस्पार २५, क्वार्ट्झ २४, बेंटोनाइट ३. साधारण १३५० साठी केओलिन ५२, फेल्डस्पार २२, क्वार्ट्झ २३, बेंटोनाइट ३. आणि १४०० च्या जवळ जायचं असेल तर केओलिन ५६, फेल्डस्पार १७, क्वार्ट्झ २५, बेंटोनाइट २. सगळी वजनं कोरड्या पावडरची. हे आकडे म्हणजे सुरुवात आहे, शेवट नाही, कारण तुमचं केओलिन आणि माझं केओलिन एकसारखं नसतं.

हाच मुद्दा पुढच्या पायरीचा. माल घेताना विक्रेत्याकडून केमिकल अ‍ॅनालिसिसचा कागद मागा, आणि न दिल्यास दुसरीकडून घ्या, मी तरी इथे तडजोड करत नाही. त्या कागदावर तीन-चार गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे लोह, केओलिनमध्ये आयर्न ऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर असेल तर भांडं पांढरं होईल ही आशा सोडा. दुसरी टायटॅनियम, हा एकटा फार त्रास देत नाही पण लोहाबरोबर आला की पिवळट-करडी झाक आणतो आणि उजेड अडवतो. तिसरी पोटॅश आणि सोडा, म्हणजे पोटॅशियम आणि सोडियमचे ऑक्साइड, मिळून किती. काही केओलिनमध्ये अभ्रक असतो, उदाहरणार्थ इंग्लंडच्या ग्रोलेगमध्ये दीड-दोन टक्के पोटॅश असतो, म्हणजे ते केओलिन स्वतःबरोबर थोडा फ्लक्स घेऊनच येतं आणि तुम्हाला फेल्डस्पार त्या मानाने कमी करावा लागतो. न्यूझीलंडचं हॅलॉयसाइट (केओलिनच्याच जातीची माती) अतिशय पांढरं, लोह आणि टायटॅनियम दोन्ही खूप कमी, उजेड आरपार येण्यासाठी उत्तम, पण चाकावर वळायला जरा हट्टी.

हिशोब करायला घाबरू नका, गुणाकाराच्या पलीकडे काही नाही. समजा तुमच्या फेल्डस्पारमध्ये पोटॅश आणि सोडा मिळून १४ टक्के आहे आणि रेसिपीत तो २५ भाग, तर बॉडीत आले साडेतीन. केओलिनमध्ये एक टक्का असेल आणि ते ४८ भाग असेल तर अजून जवळजवळ अर्धा. म्हणजे एकूण चार. १३०० ला हे चालतं. पण १४०० साठी मी हा एकूण आकडा अडीच ते तीनच्या आसपास ठेवतो. १७ भाग फेल्डस्पार म्हणजे २.४ आणि ५६ भाग केओलिनमधून ०.५६, एकूण जेमतेम तीन. बघा, वरची रेसिपी कुठून आली ते कळलं ना. उद्या तुम्हाला वेगळा फेल्डस्पार मिळाला ज्यात ११ टक्केच आहे तर भाग किती वाढवायचे हे आता कुणाला विचारायची गरज नाही.

फेल्डस्पार पोटॅशवालाच का, सोडावाला का नाही? सोड्याची काच जास्त पातळ असते, लवकर पळते, त्यामुळे बॉडी पिकण्याचं (पूर्ण घट्ट होण्याचं) आणि बसण्याचं (मऊ होऊन कोसळण्याचं) तापमान अगदी जवळ येतं, जरा दहा-वीस अंश चुकले की खेळ संपला. शिवाय सोडा फेल्डस्पार आणि नेफेलिन सायनाइट (सोडा जास्त असलेला, फेल्डस्पारसारखा दगड) पाण्यात थोडा अल्कली सोडतात, मग साठवलेली माती काही आठवड्यांत सैल, थरथरणारी होते आणि चाकावर उभी राहत नाही. नेफेलिन सायनाइट कोन ६ च्या पोर्सिलेनसाठी चांगला आहे, इथे नको.

क्वार्ट्झच्या बाबतीत दाण्याचा आकार फार महत्त्वाचा. मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोकं, २०० मेश म्हणजे साधारण ७५ मायक्रॉनच्या खालचा, ३२५ मेश म्हणजे साधारण ४५ च्या खालचा. जाड दाणा पूर्ण विरघळत नाही आणि थंड होताना ५७३ ला त्याच्याभोवती बारीक भेगा पडतात. फारच बारीक घेतला तर पटकन विरघळून काच वाढते, बॉडी लवकर बसते, आणि बराच वेळ वरच्या तापमानाला धरून ठेवलं, फ्लक्सही कमी असला तर उरलेल्याचा क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा दुसरा स्फटिक) होतो, जो थंड होताना २०० ते २७० च्या दरम्यान कुठेतरी एकदम आकसतो. मी ३२५ मेश सांगेन, सुरुवातीला तोच घ्या आणि एकाच विक्रेत्याचा धरून ठेवा.

आता चिकटपणा. शुद्ध केओलिनचे कण मोठे असतात, चाकावर ती माती चुरचुरीत वाटते, वळताना काठ फाटतात. दोन रस्ते आहेत. बॉल क्ले (बारीक कणांची चिकट नैसर्गिक माती) घातली तर वळायला छान पण ती लोह आणि टायटॅनियम घेऊन येते, पांढरेपणा जातो, उजेडही जातो. बेंटोनाइट दोन-तीन टक्क्यांतच काम करतो, पण पांढरा बेंटोनाइटच घ्यायचा, साधा करडा घेतला तर त्यातल्या लोहाचे डाग दिसतात. चार-पाच टक्क्यांच्या वर गेलात तर माती सुकायला फार वेळ लागतो, आकुंचन वाढतं आणि तडे जातात. माझं मत स्पष्ट आहे, वरच्या तापमानाच्या पोर्सिलेनमध्ये बॉल क्ले नको, वळायला थोडं कठीण गेलं तरी चालेल, हात सरावतो.

पावडर उघडायच्या आधी मास्क. कापडी नाही, सर्जिकल नाही, एफएफपी३ किंवा पी१०० फिल्टरचा, चेहऱ्याला नीट बसणारा. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने किंवा पाण्याने पुसायचं, कामाचे कपडे वेगळे ठेवायचे, लहान मुलं त्या खोलीत नकोत. यात कुणाच्याही सांगण्यावरून ढिलाई करू नका.

आता प्रत्यक्ष मिसळणं. पहिल्यांदा मोठी बॅच अजिबात करू नका, एकेक किलो पुरे, पण समजायला १० किलोचं गणित सांगतो. १३५० च्या रेसिपीत केओलिन ५२०० ग्रॅम, फेल्डस्पार २२००, क्वार्ट्झ २३००, बेंटोनाइट ३००. बेंटोनाइट थेट ओल्या मातीत टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या पुढे कशानेच फुटत नाहीत, म्हणून तो आधी. सहा लिटर गरम पाणी घ्या, ड्रिलला लावलेला मिक्सर चालू ठेवा आणि वरून चिमटीने भुरभुरत जा, मग रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ती दाट जेल झालेली असेल. त्यात अजून तीन-चार लिटर पाणी, मग केओलिन थोडं थोडं करत, ते भिजलं की फेल्डस्पार, शेवटी क्वार्ट्झ. अर्धा तास तरी फिरवा. दाट बासुंदीसारखं झालं पाहिजे, त्याहून घट्ट वाटलं तर पाणी घाला, कारण हे पाणी नंतर काढायचंच आहे.

मग ८० मेशच्या चाळणीतून, आणि नंतर १२० मेशमधून. चाळताना एक ताकदीचं मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या स्लिपमध्ये, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीत, फिरवा, बाहेर काढल्यावर त्याला काळी पूड चिकटलेली दिसेल, ते सगळं लोह तुमच्या पांढऱ्या कपावर ठिपके होऊन बसलं असतं. लोखंडी बादली, गंजलेला पत्रा, जुना मिक्सरचा दांडा यातलं काहीच वापरायचं नाही, प्लॅस्टिक आणि स्टेनलेस स्टीलच. लाल माती किंवा स्टोनवेअर जिथे होतं तिथली चाळणी, फडकी, लाटणं सगळं वेगळं.

पाणी काढायला स्लिप प्लास्टरच्या जाड पाट्यावर ओता, मध्ये सुती कापड घाला म्हणजे प्लास्टरचा कण मातीत येत नाही. प्लास्टरचा एखादा खडा आत गेला तर भाजल्यावर तिथे खड्डा पडतो. कडा सुकायला लागल्या की माती उलटवा. मळण्याजोगी झाली की नीट मळून, हवा काढून, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा. किमान दोन-तीन आठवडे, महिने ठेवलीत तर अजून चांगलं. पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि थोडा वास आला तर तो चांगलाच, फेकू नका. माती सैल वाटत असेल तर एप्सम सॉल्ट कोरड्या वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के गरम पाण्यात विरघळवून मळताना घालून बघा, ताठपणा येतो.

यानंतर चाचणी, आणि नवीन लोक नेमकं हेच टाळतात. थेट कप बनवायची घाई होते आणि मग कप वाकला तर कशामुळे वाकला ते कळत नाही. प्रत्येक बॅचच्या पट्ट्या करा, १४ सेंटीमीटर लांब, ४ रुंद, १ जाड, आणि ओल्या असतानाच त्यावर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ कोरा, दोन्ही टोकांना आडवी खूण. सुकल्यावर ती रेघ मोजा, ९४ आली तर सुकतानाचं आकुंचन ६ टक्के. भाजल्यावर ८६ आली तर एकूण १४. पोर्सिलेनमध्ये एकूण १२ ते १५ टक्के येणारच, त्याला घाबरू नका, मूळ आकार तेवढा मोठा करायचा एवढंच.

दुसरी चाचणी पाणी शोषण्याची. ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) न लावलेली भाजलेली पट्टी वजन करा, पाच तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात रात्रभर ठेवा, फडक्याने वरचं पाणी टिपून पुन्हा वजन. समजा आधी ८२.४० ग्रॅम आणि नंतर ८२.६५, तर फरक ०.२५, भागिले ८२.४०, म्हणजे ०.३ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं की पोर्सिलेन पिकलं म्हणायचं. यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, घ्याच.

तिसरी वाकण्याची, आणि वरच्या तापमानाला सगळ्यात जास्त शिकवणारी. ६ मिलिमीटर जाडीची पट्टी दोन ठोकळ्यांवर पुलासारखी ठेवा, मधलं अंतर कायम तेच ठेवा, आणि भाजल्यावर मध्ये किती मिलिमीटर खाली आली ते मोजा. खाली अ‍ॅल्युमिनाची पावडर पसरलेला ट्रे ठेवा, म्हणजे पट्टी पार कोसळलीच तरी शेल्फ वाचते. थोडी वाकेलच, पोर्सिलेन वरच्या तापमानाला मऊ होतंच. चौथी उजेडाची, एक तुकडा पाचराच्या आकाराचा करा, एका टोकाला १ मिलिमीटर आणि दुसऱ्याला ५-६, भाजून बल्बसमोर धरा, बोटाची सावली कुठल्या जाडीपर्यंत दिसते त्या जागी खूण करा.

या सगळ्या पट्ट्या एकाच तापमानाला नाही तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी भाजायच्या, समजा १३००, १३३० आणि १३६०. आणि आकुंचन कसं बदलतं ते कागदावर काढा. सुरुवातीला ते वाढत जातं, मग एका टप्प्यावर थांबतं आणि त्याच्या पुढे उलट कमी व्हायला लागतं, कारण आतल्या काचेत वायू अडकून बॉडी फुगायला लागते. तो सपाट भाग म्हणजे तुमच्या बॉडीची सुरक्षित जागा. तो जितका रुंद तितकी बॉडी चांगली, आणि मी तरी थोडा कमी उजेड आरपार येणारी पण रुंद सपाट भागवाली बॉडीच निवडेन, कारण भट्टीच्या वरच्या आणि खालच्या शेल्फमध्ये सुद्धा तापमान सारखं नसतं.

आकडे हातात आले की बदल करायचे, पण एका वेळी एकच. पाणी शोषण जास्त आणि वाकणं जवळजवळ शून्य असेल तर फेल्डस्पार दोन भाग वाढवा आणि क्वार्ट्झ दोन कमी करा, किंवा आधी वरच्या तापमानाला अर्धा तास जास्त धरून बघा. शोषण शून्य पण पट्टी फार खाली आली तर फेल्डस्पार तीन कमी, केओलिन तीन जास्त. ग्लेझला जाळीसारख्या भेगा पडत असतील तर क्वार्ट्झ थोडा वाढवून बघा. भांडं थंड होताना आख्खंच तडकत असेल, आणि तडा धारदार कडांचा असेल, तर क्वार्ट्झ कमी करा नाहीतर थोडा जाड घ्या आणि भट्टी हळू थंड करा. सुकतानाच तडे जात असतील तर बेंटोनाइट कमी, किंवा केओलिनचा थोडा भाग भाजलेल्या केओलिनने बदला. तिथे एक लक्षात ठेवायचं, १० ग्रॅम कच्च्या केओलिनच्या जागी भाजलेलं साधारण ८.६ ग्रॅमच लागतं कारण त्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं. भाजलेलं केओलिन अति घातलं तर वळण्याची ताकद जाते, म्हणून कच्चं केओलिन निम्म्याच्या आत बदला.

वाकणं कशानेच आटोक्यात येत नसेल तर काही जण क्वार्ट्झच्या जागी पाच-दहा भाग कॅल्साइन्ड (आधीच भाजलेला) अ‍ॅल्युमिना घालतात. बॉडी खरोखर ताठ आणि मजबूत होते, पण उजेड येणं जवळजवळ बंद होतं. प्रयोगशाळेची भांडी किंवा मोठं शिल्प करायचं असेल तर ठीक, चहाच्या पातळ कपासाठी मला ते पटत नाही.

भाजण्याबद्दल थोडं. आधी बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, ९५० ते १००० ला, त्याच्या वर नाही, म्हणजे ग्लेझ शोषून घ्यायला भांडं सच्छिद्र राहतं. बोन चायनाचं उलट असतं, तिथे बिस्क वर आणि ग्लेझ खाली, त्यामुळे दोन्हीची माहिती एकत्र वाचून गोंधळ करून घेऊ नका. ग्लेझ भट्टीत गॅस असेल तर साधारण १००० ते १०५० पर्यंत हवा भरपूर द्या म्हणजे मातीतला कार्बन जळून जाईल, आणि मग रिडक्शन, म्हणजे हवा कमी करून भाजणं, सुरू करा. हवा कमी पडली की लोहाचं रूप बदलतं आणि पिवळट पांढऱ्याऐवजी निळसर पांढरा रंग येतो, जो या जातीच्या पोर्सिलेनची ओळख आहे. पण तेच बदललेलं लोह थोडं फ्लक्सचंही काम करतं, म्हणून रिडक्शनमध्ये बॉडी जराशी आधी पिकते, आणि इलेक्ट्रिक भट्टीत घेतलेल्या पट्ट्यांचे आकडे गॅस भट्टीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जिथे भाजणार तिथेच चाचणी घ्या.

शेल्फला लावायचा वॉश (भांडं चिकटू नये म्हणून दिलेला लेप) अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन निम्मे निम्मे, त्यात क्वार्ट्झ नको, आणि भांड्याच्या पायाला अ‍ॅल्युमिना घातलेलं मेण लावा, नाहीतर या तापमानाला पोर्सिलेन शेल्फला चिकटतं आणि उचलताना पायाचे कपचे निघतात. रुंद बशी भाजायची असेल तर त्याच मातीची कच्ची चकती करून ती खाली ठेवा, दोघी एकाच वेगाने आकसतात आणि बशी ओढली जात नाही. चकती एकदाच वापरता येते, ती फुकट गेली असं समजू नका.

ग्लेझ हा वेगळाच मोठा विषय आहे. कोन १० ला चालणारी ग्लेझ १३५० ला पळत जाते, तिथेही फ्लक्स, म्हणजे व्हाइटिंग (चुनखडीची पूड), कमी आणि सिलिका, केओलिन जास्त असं करावं लागतं. बॉडी पक्की होईपर्यंत ग्लेझला हात लावू नका, दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

आणि वही ठेवा. प्रत्येक पट्टीच्या मागे ओली असतानाच नंबर कोरा, वहीत त्या नंबरसमोर कच्च्या मालाची पिशवी कुठली, विक्रेत्याचा लॉट नंबर, किती पाणी, कुठला कोन किती वाकला हे सगळं. खाणीतून येणारा माल दरवेळी थोडा बदलतो, विशेषतः केओलिन आणि फेल्डस्पार. म्हणून जुनी पिशवी संपायच्या आधीच नवीन मागवा, नव्या मालाची एक किलोची बॅच करून जुन्या मालाच्या पट्टीशेजारी एकाच भट्टीत भाजा, आणि आकुंचन, शोषण, वाकणं हे तिन्ही जुळलं तरच नवीन पिशवीची मोठी बॅच करायला घ्या.